एकाच जागी तुटणारी नस

४ ऑगस्ट, सोमवार

सात मिनिटं! हरिओमनं स्क्रीनवरचा आकडा दाखवला तेव्हा मला हसूच आलं. हा मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर, मूळचा परतूरचा, आता पुण्यात असतो. म्हणला, "ताई, हृदयाच्या नसांचा एमआरआय. सात मिनिटांत. इंजेक्शन न्हाई, श्वास रोखणं न्हाई." मी म्हणलं, आमच्याकडं बाजार दाखवू नको, मशीन दाखव. पंधरा वर्षांत हा स्कॅन मी दोनदाच करून पाह्यलाय. एकदा पस्तीस मिनिटं लागली अन् चित्र आलं ते खिरीसारखं. दुसऱ्यांदा पेशंटच अर्ध्यात उठून पळाला.

त्यानं समजावलं ते लिहून ठेवते, न्हाई तर विसरून जाईन. हृदय हलतं ते हलतंच, वर श्वासानं छाती बी हलते. जुनी पद्धत वाट बघत बसायची. श्वास ठरल्या जागी आला की तेवढंच टिपायची, बाकीचं फेकून द्यायची. दहातले सहा श्वास कचऱ्यात. नवी पद्धत सगळे श्वास घेते, छाती किती सरकली ते मोजते अन् चित्र परत जागेवर आणून बसवते. टिपते बी थोडंच, उरलेलं कॉम्प्युटर भरून काढतो. "कोणताच श्वास वाया जात न्हाई," हरिओम म्हणला. पाठ केलेलं वाक्य असणार. पण मला आवडलं.

एक महिना ट्रायल. आमच्या सेंटरच्या सरांना पटलं तर ठेवणार, न्हाई तर तीन सप्टेंबरला हरिओम येऊन काढून नेणार.

म्हणजे आईचं काम एवढ्यात झालं पाहिजे.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईबद्दल लिहायचं टाळून राह्यले. आज लिहितेच.

आईला छातीत दुखतं. बेबीनंदा, वय सहासष्ट, घनसावंगीला तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली, कधी रजा घेतली न्हाई. आता वर्षावास चालू आहे, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, अन् विहाराच्या अकरा पायऱ्या चढताना तिला मधे थांबावं लागतं. हृदयाचे डॉक्टर म्हणले, अँजिओग्राफी करू, नसा बघू. तीस ऑगस्टची तारीख दिली. किडनीचे डॉक्टर म्हणले, त्या तपासणीत जे रंगाचं औषध नसात सोडतात ते हिच्या किडनीला झेपायचं न्हाई. आधीच निम्मी गेलेली. डायलिसिसवर जाऊ शकते.

दोघं बी बराबर बोलून राह्यले. मधल्या मधे आई. ती मला विचारते, "तू त्याच खात्यातली न? मंग तूच सांग."

पंधरा वर्षं मशीन चालवते. चित्र काढणं माझं काम, सांगणं डॉक्टरांचं. पण आईच म्हणल्यावर हे तिला कसं सांगू?

बिना रंगाच्या औषधानं नसा दिसल्या, तर तीस तारखेची गरजच पडणार न्हाई. सगळं या सात मिनिटांवर आलंय.

८ ऑगस्ट, शुक्रवार

प्रियदर्शनी मॅडम आज आल्या. आमच्या रेडिऑलॉजिस्ट, मंगळवारी अन् शुक्रवारी संभाजीनगरहून येतात, बाकीच्या दिवशी चित्रं ऑनलाइन बघतात. मी आईचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की समजायचं, मनासारखं उत्तर येणार न्हाई. "कॉम्प्युटर भरून काढतो म्हणजे काय, मनानं भरतो का? आधी धडधाकट लोकांवर करून दाखवा. त्यांच्या नसा सलग दिसल्या पाहिजेत. मग पेशंटचं बघू."

बराबर आहे. मी पण हेच म्हणले असते.

धडधाकट माणसं कुठून आणायची? आम्हीच. मी, माझे जोडीदार टेक्निशियन तातेराव, अन् हरिओम स्वतः. फॉर्म भरले. छातीत दुखतं का, दम लागतो का, घरात कोणाला हृदयविकार—न्हाई, न्हाई, न्हाई. सरळ खाली टिक मारत गेले. हा फॉर्म मी दिवसातून बारा जणांकडून भरून घेते, आता वाचायची गरज पडत न्हाई. नावं घालायची न्हाईत असं ठरलं, नुसते नंबर. मी नमुना नंबर एक.

१० ऑगस्ट, रविवार

सुटी. आईला घनसावंगीहून आणलं. जीपमधून उतरली ती पिशवी मला देईना. आमचं घर मस्तगडला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट न्हाई. प्रत्येक जिन्याच्या वळणावर आई थांबते, मी बी थांबते. तेवढंच बरं वाटतं. तिच्या निमित्तानं आपला बी दम खाऊन होतो.

संघपाल वरून बघत होते. जावई असून सासूची पिशवी घ्यायला खाली आले न्हाईत, वरून म्हणतात, "दोघींचं वय सारखंच दिसून राह्यलं." मी म्हणलं, मास्तर, तुम्ही पाचवीच्या पोरांना हसवा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

हरिओमचं चित्र पहिल्या झटक्यात आलं. तिन्ही नसा शेंड्यापर्यंत. पण तो अठ्ठावीसचा, वाळका, नाडी अठ्ठावन्न. त्याचं तर मोबाईलनं बी निघालं असतं.

तातेरावांचं सगळंच पुसट. मी काचेतून बघत होते, गडी श्वासच घेईना! बाहेर काढून विचारलं, तर म्हणले, "वीस वर्षं लोकांना रोखा रोखा म्हणून राह्यलो. आता मशीनीत गेलो की आपोआप रोखल्या जातं."

माझं चित्र छान आलं. उजवी नस पूर्ण, मागची पूर्ण. समोरून उतरते ती मोठी नस—आम्ही तिला एलएडी म्हणतो—निघते ठळक, पण तीन सेंटिमीटरवर तुटते. जरा अंतर काहीच न्हाई, मंग परत चालू. मॅडमनी पेननं तिथं ठोकलं. "हे बघा. धडधाकट बाई, अन् नस तुटलेली दाखवतंय. इथं कॉम्प्युटरनं भरायचं सोडलं. उद्या तुमच्या आईची तुटलेली दिसली तर मी काय समजू—आजार की मशीनची चूक?"

माझी नाडी चौऱ्याऐंशी होती. आईची बी ऐंशीच्या पुढं असते. म्हणजे नाडी जल्दी पळणाऱ्यांत हे होत असणार. तेच दुरुस्त करायचं.

१३ ऑगस्ट

नमुना नंबर एक, दुसरी वेळ. सकाळचा चहा बंद ठेवून नाडी अठ्ठ्याहत्तरवर आणली. तीन सेंटिमीटरवर तुटली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सेंटर बंद. झेंडावंदन झाल्यावर आई बाबांच्या फोटोसमोर बराच वेळ बसून होती. अप्पाराव गुरुजी, माझे बाबा. असंच एका पंधरा ऑगस्टला शाळेतून घरी आले, पित्त वर आलंय म्हणून थंड दूध प्यायले अन् आडवे झाले. मी सातवीत होते. सगळे म्हणले, पित्त डोक्यात गेलं. त्रेचाळीस वर्षांचे होते.

आई म्हणली, "लई पित्ताचा माणूस. तुला बी त्याचंच पित्त आलंय." ते खरं आहे. माझ्या पर्समध्ये पावडर असल्याबिगर मी घराबाहेर पडत न्हाई. ट्रॉली ढकलली, जिना चढला की लगेच छातीत जळजळतं, खांदा भरून येतो. शिफ्टची नोकरी म्हणल्यावर हे चालायचंच.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज एक मजा झाली. धावड्याच्या तुळजाबाई, पंच्याहत्तरीच्या, कंबरेचा एमआरआय होता. मी माईकवर म्हणलं, आजी, बिलकुल हलायचं न्हाई. आत घातलं अन् दीड मिनिटात त्यांनी हातातला, आम्हाला बोलवायचा फुगा दाबला. बाहेर काढलं तर चेहरा लाल, धापा टाकून राह्यल्या. "आजी, काय झालं?" तर माझ्यावरच चिडल्या. "तूच म्हणलीस न, हलू नको! श्वास घेतला तर पोट हलत न्हाई का?"

मी माफी मागितली. दुसऱ्यांदा आत घालताना श्वासाचं नावच काढलं न्हाई. शेताला कोणत्या वाटेनं जाता ते मनातल्या मनात आठवा, म्हणलं. शांत पडून राह्यल्या.

पंधरा वर्षं झाली, मी लोकांना श्वास रोखायला लावते. घ्या—सोडा—रोखा. संघपाल म्हणतात मी झोपेत बी बडबडते. आता मशीन म्हणतंय, रोखू नका, तुमचा तुम्ही घ्या. अन् कोणालाच घेता येईना. श्वासाकडं लक्ष गेलं की तो बिघडतो. मला वाटतं माझ्या चित्राचं बी तेच असावं. मी आत पडल्यावर टेक्निशियनच असते, श्वास मोजत बसते. नस तुटत न्हाई, माझा श्वास तिला तोडतो.

२० ऑगस्ट

तिसरी अन् चौथी वेळ. टिपायचा क्षण पुढं-मागं करून पाह्यला. छातीवर बांधतो ती सिग्नल पकडणारी पट्टी वर सरकवली. हरिओमनं पुण्यातून ऑनलाइन बसून दोन आकडे बदलले. चित्र पहिल्यापेक्षा चांगलं, बारीक फांद्या सुद्धा दिसल्या.

मोठी नस तीन सेंटिमीटरवर तुटली. हट्टी आहे. माझ्यावरच गेलीय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

घरी आईसमोर रडले. रडायचं न्हाई असं ठरवलं होतं. म्हणलं, आई, मला जमेना. मशीन नीट लागंना, मॅडम हो म्हणंनात, अन् तीस तारीख येऊन राह्यली.

आई भाजी निवडत होती. तिनं ताट बाजूला केलं. "काय जमंना ते तर सांग." मी सांगितलं. आत झोपायचं, मोठा आवाज होतो, अन् श्वास आपला नेहमीसारखा घ्यायचा. तेवढंच कोणाला येईना. मला बी.

ती हसली. हसायचं काम नव्हतं, पण हसली. "पोरी, रोज विहारात आम्ही दुसरं काय करतो? एक घंटा डोळे मिटून बसायचं. श्वास आला—आला. गेला—गेला. त्याला हात लावायचा न्हाई, नुसतं बघायचं. पहिले दोन वर्षं मला बी येत नव्हतं. बघायला गेलं की तो लाजतो. मंग सवय होते."

एवढे दिवस हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. मी ध्यानाच्या शिबिराला बसले न्हाई कधी. आई बस म्हणायची तर मी म्हणायचे, शिफ्ट आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. बाहेर बैलांच्या मिरवणुका, आत मी अन् मॅडम. मी हात जोडले. म्हणलं, एकदाच आईला घेऊ द्या. रिपोर्ट देऊ नका, नुसतं बघा. चित्र चांगलं आलं न्हाई तर मी स्वतः तीस तारखेला तिला टेबलावर झोपवते. मॅडमनी चष्मा काढला. परत घातला. "मंगळवारी. पण सुमेधा, तुमच्या चित्रात जिथं तुटतंय, तिथंच तिच्या बी तुटलं तर मी हे मशीन बंद करायला सांगणार."

मी म्हणलं, मंजूर.

२४ ऑगस्ट, रविवार

आईजवळ बसून शिकले. दहा मिनिटं. श्वास लाजतो हे खरं आहे. मंग नमुना नंबर एक परत आत, पाचवी अन् सहावी वेळ, रविवारचं सेंटर उघडून. तातेराव बिचारे सुटी सोडून आले. ते म्हणले, या वेळी पडद्यावरची श्वासाची रेघ पाण्यासारखी चालली होती.

मला माझ्यावर भरवसा होता. चित्र आलं. आरशासारखं.

तीन सेंटिमीटरवर तुटली.

तातेराव स्क्रीनजवळ नाक नेऊन म्हणले, "ताई, श्वासाचं न्हाई हे. दुसरं काहीतरी आहे." मी म्हणलं, असेल, पट्टीचा एखादा तुकडा खराब असेल. आता बदलायला वेळ न्हाई. डोकं भणभणून राह्यलं होतं, पावडर घेतली अन् घरी आले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सगळं नीट लिहायचं. हा दिवस मला म्हातारपणी वाचायचा आहे.

आई पांढरी साडी नेसून आल्ती. मी म्हणलं, गाऊन घालावा लागंल, तर म्हणली घालते, पण साडी पांढरीच नेसणार होते. कानातलं काढलं. हातातली पितळी अंगठी साबण लावून काढली. टेबलावर झोपवताना तिचे पाय गार होते. मी चादर टाकली, कानाला आवाज रोखणारं लावलं, फुगा हातात दिला. पंधरा वर्षांचं पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं—घ्या, सोडा, रोखा. ते गिळलं. म्हणलं, आई, मी काचेच्या पलीकडंच आहे.

"तू तुहं काम कर. मी माहं करते," ती म्हणली.

पट्टी तीच. आकडे तेच. नाडी ब्याऐंशी, म्हणजे माझ्यासारखीच. मशीन ठकठक करायला लागलं अन् पडद्यावर तिच्या श्वासाची रेघ उमटली. वर, खाली. वर, खाली. पंधरा वर्षांत अशी रेघ मी पाह्यली न्हाई. आवाज बदलला की सगळ्यांची रेघ दचकते, आईची दचकली न्हाई. चौथ्या मिनिटाला ती आणखी संथ झाली. तातेराव हळूच म्हणले, "ताई, झोपल्या वाटतं."

सात मिनिटं झाली. मशीन थांबलं. आत जाऊन पाह्यलं तर आई खरंच झोपली होती. पहाटे चारला उठून अंगणवाडीचं पाणी भरणारी बाई, तिला दिवसा झोपलेलं मी आयुष्यात पाह्यलं न्हाई. पुढचा पेशंट साडेअकराचा होता. मी तातेरावांना म्हणलं, असू द्या. दहा मिनिटं तिला तशीच राहू दिली, दिवा मंद करून. मशीननं वाचवलेला वेळ मी असा खर्च केला, सरांना कळलं तर कळू दे.

चित्र तयार झालं तेव्हा मॅडम माझ्या खुर्चीवर, मी मागं उभी. उजवी नस—पूर्ण. मागची—पूर्ण. समोरची मोठी नस निघाली, एक सेंटिमीटर, दोन, तीन. माझी नखं खुर्चीत रुतली. चार. पाच. थेट हृदयाच्या टोकापर्यंत, कुठं बी न तुटता. वयाप्रमाणं थोड्या खडबडीत कडा, बाकी मोकळ्या नसा.

मॅडम म्हणल्या, "रक्त तपासलंय का यांचं?" लगेच तपासून घेतलं, हिमोग्लोबिन सव्वासात निघालं. किडनीवाल्यांना असं होतं म्हणे, रक्त कमी पडलं की चढावर छाती दुखते. मॅडम तिथंच दोन्ही डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. रक्त वाढवायची इंजेक्शनं सुरू करायची, बाकी काही न्हाई. अँजिओग्राफी नको. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, मंग तोंड धुऊन साडेअकराचा पेशंट घेतला.

येताना आईला विचारलं, आत काय वाटलं? "चांगली जागा आहे. पंखा तेवढा बारीक ठेवत जा."

जिना चढताना ती दोनदा थांबली, मी तीनदा. आनंदानं बी दम लागतो.

तीस तारीख रद्द करायला फोन करायचा आहे. उद्या करते.

२७ ऑगस्ट

गणपतीची सुटी. झोप, झोप, झोप. फोन राहिला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमचा मेसेज आला. "मशीन चांगलं आहे. सरांना सांगितलं, ठेवा म्हणून. नमुना एकची सहाही चित्रं उद्या उघडून ठेवा."

आता कशाला? मशीन पास झालं न. पण ठेवते. खरं म्हणजे मला बी समजेना, तीच पट्टी, तेच आकडे, आईची नस सलग आली, अन् माझी

—आईनं जेवायला हाक मारली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

तातेरावांनी फॉर्म परत भरून घेतला. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होते, मी दुसऱ्यांना वाचते तसा. छातीत जळजळ? हो. चढताना दम लागतो? हो. खांदा? डावा. घरात कोणाला हृदयविकार? मी म्हणलं, वडील. वय? त्रेचाळीस. माझं बी तेच लिहा.

सहा वेळा मशीन खरं बोललं, अन् सहा वेळा मी त्याला दुरुस्त करत बसले.

तीस तारीख रद्द करायची राह्यली होती. मॅडमनी फोन करून फक्त नाव बदललं. आई सोबत येणार आहे.